रायफलचे लोखंड आणि दस्त्याचे लाकूड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी रायफलच्या दस्त्याविषयी आहेत. कोणाचा जुना दस्ता फुटला आहे, कोणाच्या रायफलचा नेम पावसाळ्यात सरकतो, तर कोणाला नेमबाजीच्या रायफलचे स्क्रू किती आवळावेत याची शंका आहे. वरवर हे प्रश्न वेगळे दिसत असले तरी ते सगळे धातूचा भाग लाकडात नेमका कोठे टेकतो आणि कोठे टेकू नये या एकाच मुद्द्याशी येऊन थांबतात. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न : वडिलांच्या नावावरची माउझर पद्धतीची .३०-०६ रायफल वारसाहक्काने, रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली आहे. तिचा दस्ता मनगटापाशी चिरलेला आहे. काश्मिरी अक्रोडाचा, आतून अर्धवट कोरलेला एक नवा दस्ता मला मिळाला आहे. आमच्या गावातले सुतार अत्यंत कुशल आहेत आणि ते हे काम करायला तयार आहेत. ॲक्शन (नळीच्या मागचा धातूचा मुख्य भाग, ज्यात काडतूस भरले जाते) व नळी त्यात बसवण्याचे काम कोणत्या क्रमाने होते आणि त्यात काय पाहावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : कामाकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा तुमचा परवाना त्यासाठी पुरत नाही. तुमचे सुतार कितीही कुशल असले तरी रायफल त्यांच्या दुकानात ठेवून येणे योग्य नाही. दस्त्याची बाहेरची घडण, घासणे, तेल देणे ही निव्वळ लाकडाची कामे त्यांच्याकडून जरूर करून घ्या; मात्र जिथे धातू आणि लाकूड एकत्र येतात ते काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात, त्याच्या नोंदवहीत नोंद होऊनच व्हावे. पुढची माहिती त्या कारागिराशी तुम्हाला नीट बोलता यावे आणि त्याने केलेले काम तुम्हाला पारखता यावे, यासाठी आहे.

कामाला हात लावण्यापूर्वी लाकूड पाहावे. चीर मनगटापाशी, म्हणजे जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो तिथे गेली, यात नवल नाही. नव्या दस्त्यात त्या जागी लाकडाचे तंतू मनगटाच्या लांबीला समांतर धावत आहेत की तिरके कापले जात आहेत, हे दोन्ही बाजूंनी तपासा. तंतू तिरके असतील तर लाकडावरची नक्षी कितीही देखणी असो, .३०-०६ सारख्या काडतुसासाठी तो दस्ता घेऊ नये. दुसरे असे की, लाकूड पुढे ज्या हवेत राहणार आहे त्याच हवेत काही आठवडे पडू द्यावे. कोरडे करून आणलेले लाकूडही नव्या ठिकाणच्या दमट हवेत पुन्हा ओलावा घेते, आणि कोरीवकाम झाल्यानंतर ते हलले तर सगळी मेहनत वाया जाते.

आता क्रम. ब्रिटिश आणि युरोपीय परंपरेत पुष्कळ कारागीर आधी खालचे लोखंड, म्हणजे ट्रिगर गार्ड आणि मॅगझिनची पेटी, बसवतात, स्क्रूची भोके त्यावरून पाडतात आणि मग वरून ॲक्शन उतरवतात. अखंड लाकडातून काम करायचे असेल तर त्या पद्धतीत तथ्य आहे. पण तुमच्यासारख्या अर्धवट कोरलेल्या दस्त्यात भोकांची जागा बहुधा आधीच ठरलेली असते. तिथे मी आधी वरची बाजू, म्हणजे नळी आणि ॲक्शन, आणि नंतर खालची बाजू हा क्रम पसंत करतो. माउझर ९८ मध्ये पुढच्या आणि मागच्या गार्ड स्क्रूंमधले अंतर सुमारे १९८ मिमी असते. दस्त्यातील भोके या अंतराशी जुळतात का, हे लाकडाला पटाशी लावण्याआधीच मोजून घ्यावे, कारण चुकीच्या भोकाशी जुळवून घेण्यासाठी ॲक्शन मागेपुढे ढकलत बसण्यातून सगळी खाच बिघडते.

कारागीर दोन लांब, बिनडोक्याचे स्क्रू ॲक्शनला खालून लावतो, जेणेकरून ती प्रत्येक वेळी एकाच सरळ रेषेत खाली उतरेल आणि वर येईल. मग धातूच्या खालच्या भागावर काजळीचा किंवा तेलात खललेल्या प्रशियन निळ्या रंगाचा अगदी पातळ थर देतो, ॲक्शन खाचेत उतरवतो, लाकडी हातोडीने हलकेच ठोकतो आणि न डोलवता सरळ वर उचलतो. जिथे जिथे लाकडाला डाग लागला तिथेच धातू टेकतो आहे, आणि तेवढेच लाकूड खरवडून काढायचे असते. जिथे डाग नाही तिथे हत्यार लावायचे नाही, हा नियम ऐकायला सोपा असला तरी पाळायला अवघड आहे, कारण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर खाली जाण्यासाठी हीच कृती शेकडो वेळा करावी लागते आणि एखादा पटाशीचा मोठा घाव घालून ती लवकर संपवण्याचा मोह होतो.

डागांचेही दोन प्रकार असतात आणि चांगला कारागीर ते ओळखतो. ठसा उमटावा तसा स्पष्ट, बारीक कडेचा डाग म्हणजे तिथे धातू खरोखर दाबला गेला आहे. उभ्या भिंतीवर वरून खाली ओढल्यासारखा पुसट पट्टा असेल तर ॲक्शन उतरताना फक्त घासली आहे. ते टेकणे नाही. हे न ओळखता दोन्ही सारखेच खरवडले की खाचेच्या भिंती हळूहळू बाहेर सरकतात, वरून पाहताना धातू आणि लाकूड यांमध्ये फट दिसू लागते, आणि तळ मात्र अजून टेकलेलाच नसतो. भिंतींत पाचरीसारखी अडकलेली ॲक्शन हातात घट्ट लागते. पण तळ रिकामा असल्यामुळे स्क्रू आवळताच ती वाकते.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे रिकॉइल लग, ॲक्शनच्या पुढच्या कड्याखालचा तो ठोकळा. गोळी सुटताना रायफल मागे येते तेव्हा धातूचा धक्का लाकडाकडे जायचा तो याच्या मागच्या पृष्ठभागातून जावा लागतो. हिशेब करून पाहा : सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिच्यामागून जळलेल्या दारूचे वायू आणखी वेगाने बाहेर पडतात. चार किलोच्या रायफलला त्यामुळे सेकंदाला सुमारे तीन मीटर वेग मिळतो आणि १९-२० ज्यूल ऊर्जा लाकडाने क्षणार्धात पेलायची असते. म्हणून लगच्या मागच्या पृष्ठभागाला पूर्ण, सपाट, दोन्ही बाजूंना सारखा आधार हवा. त्याच वेळी लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली थोडी मोकळी जागा असली पाहिजे. नाहीतर लग खाली टेकून ॲक्शन त्यावर उभी राहते, किंवा पुढच्या भिंतीत अडकून बाहेर काढताना लाकडाचे कपचे उडवते.

त्याच्या अगदी उलट नियम टँगचा आहे. ॲक्शनच्या मागच्या निमुळत्या पट्टीला टँग म्हणतात, आणि तुमचा जुना दस्ता बहुधा इथेच मार खाऊन चिरला आहे. लगचा आधार दबत गेला की प्रत्येक गोळीला टँग पाचरीसारखी मनगटात ठोकली जाते. नव्या दस्त्यात टँगच्या मागे अर्धा मिलिमीटर तरी मोकळी जागा ठेवण्यास कारागिराला स्पष्ट सांगा. काही जण देखणेपणासाठी तिथे केसाइतकीही फट ठेवत नाहीत. दुकानाच्या काचेत ते सुरेख दिसते, पण पहिल्या हंगामातच टँगच्या टोकाशी लाकूड उडते.

खालचे लोखंड बसवताना लक्ष द्यायची गोष्ट मॅगझिनची पेटी. गार्ड पूर्ण आवळल्यावर पेटीचा वरचा काठ ॲक्शनला घट्ट दाबला जाऊ नये. पाव ते अर्धा मिलिमीटर सैल राहावा. पेटी मधे अडकली तर स्क्रू घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण लाकूड दाबले गेलेलेच नसते. मागच्या स्क्रूभोवती माउझरच्या मूळ रचनेत एक धातूची नळकांडी असते, जी ॲक्शन आणि गार्ड यांतले अंतर कायम राखते आणि लाकूड चिरडू देत नाही. आजकाल ज्याला पिलर बेडिंग म्हणतात त्याचे मूळ तत्त्व हेच. जुन्या रायफलमधून ही नळकांडी अनेकदा हरवलेली असते. तुमच्या रायफलमध्ये ती आहे का, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. स्क्रूंच्या भोकांतही स्क्रूभोवती थोडी मोकळीक हवी. स्क्रू लाकडाला टेकला की धक्का लगऐवजी स्क्रूने घेतला जातो.

काम पूर्ण झाल्यावर रायफल ताब्यात घेण्यापूर्वी, तिथेच, ती रिकामी असल्याची खात्री करून काही गोष्टी पाहा. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) पूर्ण बंद होतो का, त्याची मूठ लाकडाला कोठे घासत नाही ना, चाप आणि सेफ्टी सर्व स्थितींत पूर्वीप्रमाणे काम करतात का, आणि चापाच्या यंत्रणेला खाचेतले लाकूड कोठे अडत नाही ना. पुढे नळीखालची फट मोजण्यासाठी लोक कागदाचा तुकडा सरकवून पाहतात; पण सुमारे ०.१ मिमी जाडीचा कागद जातो एवढ्याने समाधान मानू नये. लाकूड हाताच्या दाबाने आणि हवेने हलते, म्हणून नळी मोकळी ठेवायची असेल तर दीड मिलिमीटरच्या आसपास फट बरी.

प्रश्न : माझी रायफल रत्नागिरीला असते. उन्हाळ्यात साधलेला नेम जुलैत खाली आणि डावीकडे जातो, दिवाळीनंतर पुन्हा जागेवर येतो. एक मित्र म्हणतो, एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) भरून घे, सगळे थांबेल. खरे आहे का? आणि दुर्बीण तर ॲक्शनवरच बसवलेली आहे. मग लाकूड हलल्याने नेम का हलावा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर आधी देतो. दुर्बीण आणि नळी दोन्ही ॲक्शनला जोडलेल्या असल्यामुळे ॲक्शन लाकडात सबंधच थोडी सरकली तर त्यांचा एकमेकांशी असलेला कोन बदलत नाही. नेम हलतो तो वेगळ्या कारणांनी. एक, लाकूड असमान फुगले की स्क्रू आवळल्यावर ॲक्शन किंचित वाकते किंवा पिळवटते, आणि तो ताण नळीच्या मुळापर्यंत पोचतो. दोन, पुढचे लाकूड नळीला एका बाजूने दाबू लागते. तीन, गोळी नळीतून जात असताना नळी कंप पावते. तिला कोठे आणि किती दाबले आहे यावर त्या कंपनाची तऱ्हा ठरते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड कोणत्या दिशेला असेल ते बदलते. तुमचा नेम दर वर्षी त्याच दिशेला जातो यावरून मला वाटते की पुढचे लाकूड उजव्या बाजूला फुगून नळीला रेटत असावे.

लाकडाचे हे हलणे किती असते, तर अमेरिकी काळ्या अक्रोडाची मोजमापे उपलब्ध आहेत. ओले लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या रेषेत सुमारे ७.८ टक्के, त्रिज्येच्या रेषेत सुमारे ५.५ टक्के आणि लांबीला जवळजवळ नगण्य आकसते. आता मे महिन्यातून जुलैत जाताना लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला असे धरले, तर ५० मिमी रुंद दस्ता पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंदावू शकतो. नळीला एका बाजूने टेकण्यासाठी एवढे पुष्कळ झाले. यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो : दस्त्यासाठी लाकूड अशा रीतीने चिरलेले घ्यावे की वलये दस्त्याच्या बाजूंना समांतर पडावीत. मग रुंदीत कमी हलणारी दिशा येते.

एपॉक्सीबद्दल मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. धातूचा तळ, लगची मागची बाजू आणि टँगखालचा भाग यांच्या खाली पाव-अर्धा सेंटीमीटर लाकूड काढून तिथे धातूची किंवा काचतंतूची पूड मिसळलेले घट्ट एपॉक्सी भरले की ॲक्शनला तिच्या आकाराचा, दाबाने न चेपणारा तळ मिळतो. तो ओलाव्याने फुगत नाही. पण त्याखालचे आणि पुढचे लाकूड फुगतेच. म्हणून एपॉक्सीसोबत दोन गोष्टी हव्यात : दोन्ही स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न पडता धातूवर पडेल, आणि नळीभोवती पुढपर्यंत मोकळी फट. तसे केल्यावर जुलै आणि नोव्हेंबर यांतला फरक बहुतांशी संपायला हवा.

एपॉक्सीचे काम करताना होणारी सर्वांत वाईट दुर्घटना म्हणजे ॲक्शन कायमची दस्त्यात चिकटणे. ती टाळण्यासाठी कारागीर धातूवर मेणाचा थर देतो. बिनरंगाचे मेणाचे बूट पॉलिश दोनदा घासून चमकवणे हा जुना आणि चालणारा उपाय आहे. मात्र मेण पुरेसे नसते. ॲक्शनच्या ज्या ज्या खाचेत, भोकात किंवा उलट्या उताराच्या जागेत एपॉक्सी शिरून कडीसारखे अडकू शकेल त्या सगळ्या जागा मुलांच्या खेळण्याच्या मातीने, म्हणजे प्लॅस्टिसिनने, भरून सपाट कराव्या लागतात. लगच्या पुढे, बाजूला आणि खाली एक-दोन पदर चिकटपट्टी लावतात. मागची बाजू उघडी ठेवतात. पट्टी काढल्यावर तेवढी फट आपोआप राहते. नळीला दस्त्याच्या टोकाशी पट्टीचे वेढे देऊन ती मध्यात धरतात आणि बिनडोक्याच्या स्क्रूंवर ॲक्शन स्वतःच्या वजनाने किंवा अगदी हलक्या दाबाने बसू देतात. इथे स्क्रू जोरात आवळले तर वाकलेल्या ॲक्शनचाच साचा तयार होतो, आणि मग त्या साच्यात ती कायम वाकूनच बसते. या चुकीमुळे एपॉक्सी भरून आणलेली रायफल पूर्वीपेक्षा वाईट मारू लागल्याच्या तक्रारी येतात.

कोकणातल्या मे महिन्यात हे काम दुपारी करायला सांगू नका. मिसळलेले एपॉक्सी उष्णतेत फार लवकर घट्ट होते. ढोबळ मानाने दर दहा अंशांना काम करण्याचा वेळ निम्मा होतो. बाटलीवर लिहिलेली मिनिटे बहुधा २५ अंशांसाठी असतात. जून-जुलैतही नको, कारण तेव्हा लाकूड फुगलेले असते. हिवाळ्याच्या सुरुवातीची सकाळ उत्तम. भरल्यानंतर चोवीस तास तरी ते तसेच राहू द्यावे.

प्रश्न : माझ्याकडे ईशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल आहे. मागचा बट (दस्त्याचा खांद्याला टेकणारा भाग) हलतो आहे. मागून लांब पेचकस घालून तो आवळावा असे कोणी सांगतात. पुढच्या लाकडालाही बारीक चीर दिसते. (एक शेतकरी वाचक, नगर जिल्हा)

उत्तर : आवळू नका, थांबा. या रायफलची घडण ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलवर आधारलेली आहे आणि त्या घराण्याची लाकडाची रचना माउझरपेक्षा मुळातच वेगळी असते. दस्ता एकसंध नसून दोन तुकड्यांत असतो : मागचा बट एका लांब बोल्टने ॲक्शनच्या मागच्या कड्यात ओढून घट्ट बसवलेला, आणि पुढचे लाकूड वेगळे. जुन्या लष्करी एसएमएलई (आखूड ली-एन्फिल्ड) रायफलमध्ये या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडात बसवलेल्या एका लोखंडी पट्टीत अडकवलेले असते, जेणेकरून बोल्ट आपोआप सुटू नये. पुढचे लाकूड जागेवर असतानाच कोणी बटचा बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक पट्टीला पिळते आणि पुढचे लाकूड आतून फुटते. अशा फुटलेल्या कित्येक रायफली लष्करी कार्यशाळांतून गेल्या आहेत. तुमच्या रायफलमध्ये तशी पट्टी आहे की नाही हे पुढचे लाकूड उतरवल्याखेरीज कळणार नाही, म्हणून क्रम एकच : आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मग बट आवळायचा, मग बोल्टचे टोक पुन्हा पट्टीच्या रेषेत आले आहे का ते पाहायचे. तुमच्या पुढच्या लाकडातली चीर कदाचित अशाच एका जुन्या आवळणीची असेल.

दुसरी शक्यताही सांगतो, कारण ती अधिक सर्रास आढळते. ली-एन्फिल्डमध्ये धक्का पेलणाऱ्या जागा पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी, ॲक्शनच्या दोन्ही बाजूंना असतात. दोन्ही बाजूंचे लाकूड धातूला एकाच वेळी आणि सारखे टेकले पाहिजे. वर्षानुवर्षे तेल मुरून ते लाकूड मऊ झाले की एक बाजू आधी दबते, सगळा धक्का दुसऱ्या बाजूवर जातो आणि लाकूड मधोमध चिरू लागते. ईशापूरने आपल्या लष्करी रायफलींच्या पुढच्या लाकडात या चिरण्याला रोखण्यासाठी एक आडवा स्क्रू घातला होता. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने मऊ स्थानिक लाकूड वापरावे लागले तेव्हा त्या जागी तांब्याचे ठोकळे बसवले. दोन्ही उपाय कारखान्यांनीच केलेले आहेत, त्यामुळे तुमच्या दुरुस्ती करणाऱ्याने दबलेले लाकूड चौकोनी कापून तिथे कठीण लाकडाचे उभ्या तंतूंचे तुकडे चिकटवले किंवा पितळी ठोकळे बसवले, तर ती तडजोड समजू नका.

एक गोष्ट मात्र माउझरवरून उचलून इथे लावू नये. आधुनिक शिकारी रायफलमध्ये नळी मोकळी ठेवण्याची पद्धत रूढ झाली असली तरी लष्करी ली-एन्फिल्डमध्ये पुढच्या टोकाशी लाकूड नळीला मुद्दाम काही पौंडांचा दाब वर देत असते. या ॲक्शनमध्ये सरकत्या बोल्टला अडकवून धरणारे खुंट (त्यांनाही लग म्हणतात) मागे असल्यामुळे गोळी सुटताना ॲक्शन आणि नळी माउझरपेक्षा अधिक लवचीकपणे हलतात. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी या लवचीकपणाचाच फायदा घेतला : मंद गोळी नळीचे तोंड किंचित वर असताना सुटली तर दूर अंतरावर ती वेगवान गोळीच्या जवळपासच पडते. तुमच्या .३१५ ची नळी आणि लाकूड त्या लष्करी रायफलीहून वेगळे आहेत, म्हणून आधी आहे तो दाब तसाच राहू द्यावा, मारून पाहावे, आणि मगच काही बदलावे.

तेलाबद्दलही लिहायला हवे. पीक-संरक्षणासाठी रायफल बाळगणाऱ्यांपैकी अनेक जण नळीत भरपूर तेल घालून ती बटवर उभी ठेवतात. ते तेल हळूहळू ॲक्शनमधून थेट त्या धक्का पेलणाऱ्या लाकडात उतरते. तेल कमी वापरा आणि त्यानंतर काही काळ रायफल नळीचे तोंड खाली करून ठेवा. मुरलेले तेल काढण्यासाठी खडूची बारीक पूड एसीटोनमध्ये कालवून लाकडावर लेप देतात आणि वाळल्यावर झटकतात. पाच-सहा वेळा करावे लागते. तेल निघाल्याशिवाय त्या लाकडावर कोणतेही एपॉक्सी धरत नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात ५० मीटर रायफलचा सराव करते. रायफल .२२ ची, लाकडी दस्त्याची आहे. प्रत्येक वेळी ती खोलून पुसल्यावर पहिल्या काही गोळ्या वेगळीकडे जातात. स्क्रू किती आवळावेत? (एक नेमबाज)

उत्तर : तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून पुढे कांस्यपदक जिंकले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिमी व्यासाचे असते, आणि एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) एवढा कोन चुकला की ५० मीटरवर गोळी १४.५ मिमी सरकते. म्हणजे ती दहातून सरळ बाहेर जाते.

.२२ ची २.६ ग्रॅमची गोळी आणि पाच-साडेपाच किलोची रायफल यांत धक्का इतका कमी असतो की लाकूड चिरण्याची भीती जवळपास नाही. इथे प्रश्न ताण आणि सातत्य यांचा आहे. स्क्रू किती आवळायचे हे आधी निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहा. अशा रायफलींसाठी ते सहसा ४ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. त्यासाठी लहान टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घ्या. हाताच्या अंदाजाने दोन स्क्रू दोन वेळा सारखे आवळणे कोणालाच जमत नाही. आवळण्याआधी रायफल उभी, बटवर धरून ॲक्शन मागच्या आधाराला टेकू द्या, मग आधी पुढचा स्क्रू अर्धा, मागचा अर्धा, पुन्हा पुढचा पूर्ण, मागचा पूर्ण असा क्रम दर वेळी तोच ठेवा.

त्याआधी बेडिंग, म्हणजे ॲक्शन दस्त्यात कशी टेकली आहे, ते तपासून घ्या, आणि ही तपासणी प्रशिक्षक किंवा तुमचा दुरुस्ती करणारा पाच मिनिटांत करू शकेल. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, डायल गेजचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) तळ दस्त्याच्या पुढच्या टोकावर घट्ट बसवायचा आणि त्याची सुई नळीला टेकवायची. आता एक स्क्रू सैल करा आणि काटा पाहा. नळी ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर ॲक्शन स्क्रूच्या जोराने वाकवून बसवली जात आहे, आणि टॉर्क रेंचने ती तितकीच, तशीच वाकेल एवढेच होईल. मग बेडिंग नवे करावे लागेल. ०.०२ मिमीच्या आत हलली तर खुशाल खेळा. आणि खोलून पुसण्याची वारंवारता कमी करा. नळी आणि बोल्ट पुसण्यासाठी ॲक्शन दस्त्यातून काढण्याची गरज नसते. एपॉक्सीचे बेडिंगही वारंवार काढल्याने कडांना झिजते.

प्रश्न : अक्रोड महाग आहे. शिसम किंवा सागाचा दस्ता का करू नये? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : करता येतो. शिसम घनमीटरला सुमारे ७७० किलो भरतो, अक्रोड ६४०च्या आसपास. म्हणजे त्याच मापाचा शिसवी दस्ता अक्रोडापेक्षा एक पंचमांश जड होईल. जड रायफल मैदानावर चालते, जंगलात खांद्याला जाणवते. शिवाय शिसम बारीक काम करताना कडेला कपच्यांत उडतो, त्यामुळे टँगभोवतीची मोकळीक आणि लगचा आधार आणखी काळजीने करावा लागतो. सागाचे वजन अक्रोडासारखेच असले तरी त्यातल्या वालुकाकणांनी पटाशीची धार सतत बोथट होते आणि त्याच्या तेलकटपणामुळे एपॉक्सी धरण्यापूर्वी लाकूड एसीटोनने पुसणे अनिवार्य होते. माझ्या मते आपल्याकडच्या लाकडांत धक्का सहन करण्याच्या दृष्टीने खरा उमेदवार बाभूळ आहे. गाडीची चाके आणि हत्यारांचे दांडे त्यापासून होत आले ते उगीच नाही. पण ती शिसमाइतकीच किंवा अधिक जड, आणि दस्त्याएवढा सरळ तंतूंचा, गाठी नसलेला, नीट वाळलेला ठोकळा मिळवणे कष्टाचे.

प्रश्न : दस्त्याच्या आतल्या खाचांना पॉलिश करावे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पॉलिश नव्हे, पण ओलावा अडवणारा थर हवाच. बहुतेक दस्ते बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडे असतात, आणि ओलावा नेमका तिथून, विशेषतः तंतूंची टोके उघडी पडणाऱ्या जागांतून, शिरतो. लगच्या खाचेच्या मागच्या भिंतीवर जाड थर देऊ नका, तिथे धातू थेट लाकडाला किंवा एपॉक्सीला टेकला पाहिजे. बाकी नळीची खाच, मॅगझिनची पोकळी, बटच्या पट्टीखालचे टोक आणि स्क्रूंची भोके यांना पातळ केलेले पॉलियुरेथेन वॉर्निश किंवा जवसाचे उकळलेले तेल दोन-तीन वेळा द्या. दोहोंपैकी वॉर्निश ओलावा अधिक चांगला अडवते. गोव्याच्या हवेत मी तेच निवडीन. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.